एकोणचाळीस टक्के

समजा, एका माणसाचा एक डोळा गेला. दुसरा डोळा अगदी ठणठणीत आहे. हा माणूस किती टक्के अपंग?

सरकारी अपंगत्व प्रमाणपत्राच्या हिशेबात उत्तर येतं ३० टक्के. म्हणजे नोकरीत आरक्षण नाही आणि पेन्शनही नाही, कारण त्यासाठी किमान ४० लागतात. हाच डोळा कारखान्यात काम करताना गेला असेल, तर १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात वेगळं उत्तर होतं. डोळाच गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के. डोळा जागेवर राहून फक्त नजर गेली असेल तर ३० टक्के. आणि हाच माणूस पोलीस किंवा सैन्य भरतीच्या वैद्यकीय चाचणीला उभा राहिला, तर टक्केवारीचा प्रश्नच येत नाही. तो सरळ बाद होतो.

डोळा एकच आहे. तो गेल्यामुळे त्या माणसाचा दिवस जसा बदलला तसाच बदलला आहे. पण राज्यसंस्थेच्या एका टेबलावर तो ‘पुरेसा अपंग नाही’ आणि दुसऱ्या टेबलावर ‘पुरेसा धडधाकट नाही’. दोन्ही टेबलांवर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

अशी उदाहरणं निघाली की आपण म्हणतो, सरकारी कारभार, चुका होतातच. हा लेख त्या समजुतीच्या विरोधात आहे. या बहुतेक ठिकाणी कुणी चुकलेलं नसतं. डॉक्टरांनी सूत्र बरोबर लावलेलं असतं, कारकुनानं नियम बरोबर वाचलेला असतो, सॉफ्टवेअरनं बेरीज बरोबर केलेली असते. तरीही निकाल एकमेकांशी भांडतात, कारण ही यंत्रणा मोजते एक आणि ठरवते दुसरंच.

आकडा येतो कुठून?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ झाले. ऑटिझम, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस अशी मोठी यादी त्यात आली. हे चांगलंच झालं. पण जुन्या कायद्यातली एक गोष्ट नव्यातही तशीच राहिली, ती म्हणजे ४० टक्क्यांची रेघ. ४० किंवा त्याहून जास्त असेल तर तुम्ही ‘लक्षणीय दिव्यांग’. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण आणि बहुतेक योजना या रेघेच्या पलीकडे आहेत.

टक्के कसे मोजायचे याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं ४ जानेवारी २०१८ रोजी काढली आणि मार्च २०२४मध्ये ती सुधारली. त्यात सांधा किती अंशांत वळतो, स्नायूंना किती जोर आहे, नजर किती, कान किती डेसिबलला ऐकतो, हे सगळं मोजून आकडा काढायची सूत्रं आहेत.

कानाचं सूत्र बघा. चांगल्या कानाचं नुकसान गुणिले ५, अधिक वाईट कानाचं नुकसान, आणि येणाऱ्या बेरजेला ६नं भागायचं. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर शंभर भागिले सहा, म्हणजे साधारण १७ टक्के. आता या माणसाला गजबजलेल्या वर्गात बसवा, किंवा ट्रॅफिकमध्ये मागून येणारा ट्रक कुठल्या बाजूनं येतोय ते ओळखायला सांगा. त्याची अडचण सतरा टक्के असते का, हा प्रश्न त्या सूत्रात बसत नाही. सूत्राला वर्गही माहीत नाही आणि ट्रकही.

दोन अपंगत्वं एकत्र असतील तर आणखी एक सूत्र आहे. मोठा आकडा घ्यायचा. ९०तून तो वजा करायचा. जे उरेल त्याला छोट्या आकड्यानं गुणायचं, ९०नं भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. कॅल्क्युलेटर उघडा आणि करून बघा. ३० आणि १५ टक्के असतील तर उत्तर बरोबर ४० येतं. ३० आणि १४ असतील तर येतं ३९.३३.

म्हणजे एका डोळ्यानं न दिसणाऱ्या माणसाचा हातही अधू असेल, तर त्या हाताला १४ मिळाले की १५, यावर त्याचं शिक्षण, नोकरी आणि पेन्शन लटकलेलं आहे. आणि हातातला जोर मोजतात कसा? बहुतेक वेळा डॉक्टर आपल्या हातानं विरोध करून बघतात आणि ० ते ५ अशी श्रेणी देतात. ही पद्धत वैद्यकशास्त्रात मान्य आहे, उपचारांसाठी उपयोगीही आहे. पण दोन डॉक्टरांचे हात सारखे नसतात. उपचार ठरवताना एवढ्या तेवढ्यानं बिघडत नाही. रेघ ओलांडायची असते तेव्हा त्या एका टक्क्यात माणसाचं अख्खं आयुष्य अडकतं.

मनाच्या आजाराचं तर विचारूच नका. तिथं ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम अशा चार गोष्टींना गुण द्यायचे आणि आजार किती काळ आहे ते त्यात मिळवायचं. गुण द्यायचे ते समोरच्याच्या उत्तरांवरून. पण स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्या माणसाचे चांगले दिवस असतात, वाईट दिवस असतात. तपासणीच्या दिवशी आईनं अंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट घालून आणला, तर स्वतःची काळजी उत्तम. जिनं सहा वर्षं त्याची काळजी वाहिली, तिच्याच मेहनतीमुळे त्याचे टक्के कमी होतात.

एक किल्ली, दहा कुलपं

मोजण्यातला हा घोळ एक वेळ समजून घेता येईल, कुठलीही मोजपट्टी परिपूर्ण नसते. खरी गंमत पुढे आहे. एकदा आकडा हातात आला की प्रत्येक कार्यालय तो आपापल्या पद्धतीनं वापरतं.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी ४० टक्के पुरतात. ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांसाठी ही रक्कम महिना २,५०० रुपये झाली. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना मात्र ८० टक्के मागते, वर दारिद्र्यरेषेखाली असायची अटही घालते. आणि देते काय? २०१२पासून महिना ३०० रुपये. आयकरात ४० टक्क्यांना एक वजावट आणि ८०ला मोठी वजावट, पण ती घेण्यासाठी आधी करपात्र उत्पन्न हवं.

रेल्वेची तर वर्गवारीच निराळी. तिथं टक्केवारी बाजूला राहते. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारी अस्थिव्यंग व्यक्ती, पूर्ण अंध व्यक्ती, बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती, आणि ज्यांना अजिबात ऐकू येत नाही व बोलताही येत नाही, अशी माणसं सवलतीत बसतात. शेवटच्या प्रकारात दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असाव्या लागतात. म्हणजे जन्मतः पूर्ण बहिरी असलेली एखादी मुलगी वर्षानुवर्षं घाम गाळून बोलायला शिकली, तर अटीतला निम्मा भाग तिच्यापुरता गळून पडतो. प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा तिला आजही ऐकू येत नाही.

ज्या २१ प्रकारांचं एवढं कौतुक झालं, त्यांतल्या सगळ्यांना तरी समान वागणूक आहे का? सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार यादीत आहेत. पण नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाचं कलम ३४ वाचा. त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी आहे, बहिरेपणा आहे, चलनवलनाचं अपंगत्व आहे, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार आहेत, बहुअपंगत्व आहे. रक्ताचे आजार नाहीत. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या सिकलसेल असलेल्या मुलीला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं, तर कॉलेजच्या प्रवेशात ती दिव्यांग आहे. पदवी घेऊन त्याच सरकारकडे नोकरी मागायला गेली की आरक्षणापुरती ती दिव्यांग नाही. मधल्या तीन वर्षांत तिचं रक्त बदललं नाही.

४० खाली नको, ४० वरही नको

या सगळ्यातला सर्वांत अजब प्रकार वैद्यकीय प्रवेशात घडला, तोही महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत.

२०२४ साली एका विद्यार्थ्याला एमबीबीएसला प्रवेश हवा होता. त्याला वाचा आणि भाषेचं अपंगत्व होतं, प्रमाणपत्रावर ४४ ते ४५ टक्के. आरक्षणासाठी किमान ४० लागतात, ते होते. पण त्या वेळच्या वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार याच प्रकारात ४० किंवा जास्त टक्के असतील तर विद्यार्थी अभ्यासक्रमालाच अपात्र होता. नीट वाचा. ४०च्या खाली असशील तर राखीव जागा नाही. ४० किंवा वर असशील तर जागाच नाही. राखीव जागेचं दार कागदावर होतं आणि त्यातून आत जाता येईल असा एकही आकडा अस्तित्वात नव्हता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं दिल्लीतल्या वैद्यकीय मंडळाला वेगळाच प्रश्न विचारला. हा मुलगा किती टक्के अपंग आहे ते सांगू नका, तो डॉक्टरकीचा अभ्यास करू शकेल का ते सांगा. मंडळानं सांगितलं, करू शकेल. प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४च्या सविस्तर निकालात न्यायालयानं म्हटलं की केवळ टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, तो काय करू शकतो हे तपासलं पाहिजे.

प्रश्न बदलला आणि उत्तर बदललं. मुलगा तोच होता.

याआधी ११ फेब्रुवारी २०२१ला याच न्यायालयानं आणखी एक गाठ सोडवली होती. लिहिताना हात आखडण्याचा आजार असलेल्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक हवा होता. आयोगाचं म्हणणं होतं, लक्षणीय दिव्यांग असाल तरच. त्याची टक्केवारी ४०च्या बरीच खाली होती. ज्याला पेपर लिहिता येत नाही त्याला लेखनिक द्यायचा की नाही, हे त्याच्या हातावरून नाही तर प्रमाणपत्रावरच्या आकड्यावरून ठरत होतं. न्यायालयानं सांगितलं की आरक्षण आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोयीसाठी ४०ची अट लावता येणार नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये तमिळनाडूच्या वीज कंपनीचं प्रकरण आलं. विद्युत अभियंता म्हणून निवड झालेल्या तरुणाला रंगांधळेपणामुळे नोकरी नाकारली होती. रंगांधळेपण २१च्या यादीत नाही, म्हणून तो आरक्षणापुरता दिव्यांग नव्हता. नोकरी नाकारण्यापुरता मात्र होता. न्यायालयानं त्याला नोकरीत सामावून घ्यायला लावलं.

तिन्ही वेळा माणूस जिंकला याचा आनंद आहे. पण हे तिघंही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचू शकले. सिव्हिलच्या रांगेत उभ्या असलेल्या शेतमजुराला तालुक्याच्या वकिलापर्यंत जायचे पैसे नसतात. ज्या व्यवस्थेत साधा न्याय दिल्लीला जाऊनच मिळतो, तिथं न्यायालयाच्या निकालांचं कौतुक करून थांबता येत नाही.

सुताराचा हात

टक्केवारी शरीर मोजते. फायदे मात्र जगण्यासाठी द्यायचे असतात. या दोहोंमधली फट आपल्या न्यायालयांना पन्नास वर्षांपासून माहीत आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. कामावर अपघात होऊन त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणत होता, एकच हात गेलाय, नुकसान काही टक्क्यांचं. न्यायालयानं मान्य केलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. २०१०च्या एका निकालात हेच जास्त सोपं करून सांगितलं आहे. हात गेलेल्या ड्रायव्हरचं जे नुकसान होतं, ते सरकारी कार्यालयातल्या कारकुनाचं होईलच असं नाही.

अपघाताच्या भरपाईत हे तत्त्व रोज वापरलं जातं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला मात्र त्याचा वारा लागलेला नाही. प्रमाणपत्र विचारत नाही की तू काय काम करतोस. घर कितव्या मजल्यावर आहे, एसटी स्टँड किती लांब आहे, घरात दुसरं कमावणारं कुणी आहे का, संडास घरात आहे की बाहेर, यातलं काहीच ते विचारत नाही. पायाचं ५० टक्के अपंगत्व पुण्यातल्या लिफ्टच्या इमारतीत राहून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला आहे आणि तेच ५० टक्के भामरागडच्या पाड्यावरच्या बाईलाही आहे. तिला प्रमाणपत्रासाठी गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर एका बाजूचं अंतरच दीडशे किलोमीटरहून जास्त. कागदावर दोघं सारखे.

आणि हा प्रवास एकदाच होत नाही. महाराष्ट्रात आधी हातानं लिहिलेली प्रमाणपत्रं होती. मग राज्याची स्वतःची ऑनलाइन पद्धत आली, मग केंद्राचं युडीआयडी कार्ड आलं. प्रत्येक वेळी जुन्यांनी नव्याने यायचं. काहींचं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, मुदत संपली की पुन्हा तपासणी. ज्याचा पाय पोलिओनं लहानपणी गेला, त्यानं तो परत आलेला नाही हे दाखवायला दर थोड्या वर्षांनी हजर राहायचं.

कायदा तर म्हणतो की हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. कलम ५८मध्ये स्वच्छ लिहिलंय. तरी प्रवेशाच्या वेळी संस्थेचं मंडळ वेगळं तपासतं, नोकरीच्या वेळी आणखी एक मंडळ. एका मंडळानं ४५ दिले आणि दुसऱ्यानं ३५, तर चूक कुणाची? व्यवस्थेचं उत्तर ठरलेलं असतं. नंतरच्या मंडळाचा आकडा धरायचा आणि उमेदवारावर संशय घ्यायचा.

‘पण खोटे लाभार्थी?’

इथं नेहमीचा आक्षेप येतो. लोक खोटी प्रमाणपत्रं काढतात, मग कडक तपासणी नको?

२०२४च्या जुलैत पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं. लोकसेवा आयोगानं ३१ जुलैला उमेदवारी रद्द केली ती ओळखीचे तपशील बदलून मर्यादेपेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याच्या कारणावरून. पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते अपंगत्वाचं प्रमाणपत्र. ते आरोप संबंधित व्यक्तीनं नाकारले आहेत आणि त्याचा निवाडा न्यायालय करेल. परिणाम मात्र लगेच झाला. राज्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी सुरू झाली आणि समाजमाध्यमांवर जो तो तज्ज्ञ झाला. चालताना न लंगडणारा प्रत्येक दिव्यांग खोटा ठरायला लागला. ज्यांचं अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, कमी ऐकू येणारे, मनाचे आजार असलेले, सिकलसेलचे रुग्ण, त्यांना याचा सर्वांत जास्त त्रास होतो.

खोटेपणा होतो, तो पकडला पाहिजे आणि कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. पण खोटं प्रमाणपत्र विकत घ्यावंसं वाटतं का, याचाही विचार करा. एका आकड्यावर नोकरी, प्रवेश, पेन्शन, प्रवास, बदली सगळं उघडतं म्हणून. सगळ्या कुलपांना एकच किल्ली ठेवली तर त्या किल्लीचा बाजार होणारच. आणि आकडा कसा आला हे कुणालाच दिसत नसेल, तर त्या अंधाराचा फायदा पैसेवाल्याला होतो आणि तोटा प्रामाणिक माणसाला. ज्याला ओळख नाही तो ३९वर अडकतो. ज्याची ओळख आहे त्याचा आकडा कसा वाढला हे विचारायची सोय नसते. कडकपणा वाढवून हे सुटणार नाही. हिशेब उघडा केला तर सुटेल.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. रेघ कुठंतरी ओढावीच लागणार. ४० नको तर ३५ करा, मग ३४वाला रडेल.

बरोबर आहे. आरक्षणाच्या जागा मोजक्या आहेत, तिथं रेघ लागेल. पण प्रत्येक गोष्टीला एकच रेघ का? आणि रेघेच्या एका बाजूला सगळं, दुसऱ्या बाजूला शून्य, हे कुणी ठरवलं? आपल्याच देशात सैन्याच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाची पद्धत बघा. अपंगत्वामुळे सैनिकाला सेवा सोडावी लागली, तर त्याचं अपंगत्व ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरी ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५ धरतात, त्यावर असेल तर १००. तिथंही २० टक्क्यांची एक किमान अट आहे. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपंगत्वामुळे ज्याला सेवेतून काढलं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या वर आहे असंच धरायला हवं. म्हणजे मोजमापात चूक होऊ शकते हे मान्य करून शंकेचा फायदा माणसाला द्यायचा, हे सरकारला जमतं. सैनिकासाठी जमतं ते शेतमजुरासाठी का जमू नये?

मग करायचं काय?

मागण्या फार नाहीत.

पहिली, हिशेबाचा कागद हातात द्या. कोणत्या अवयवाला किती गुण, कोणतं सूत्र, बेरीज काय. प्रमाणपत्र नाकारलं तर कारणं लेखी द्यायचा नियम आधीपासून आहे. पण ३८ टक्क्यांचं प्रमाणपत्र हा कागदोपत्री नकार नसतोच. २०२४च्या नव्या नियमांनी युडीआयडी कार्डाला रंग दिले. ४०च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, त्यावर निळं. पांढरं कार्ड हातात ठेवलं की यंत्रणेचं काम संपतं. त्यामुळे ज्याला कारण सर्वांत जास्त हवं, त्यालाच ते मिळत नाही.

दुसरी, जो प्रश्न आहे तोच विचारा. लेखनिक हवा असेल तर लिहिता येतं का ते बघा. नोकरीसाठी ते काम जमेल का आणि कोणत्या सोयींनी जमेल ते बघा. पेन्शनसाठी कमाई किती बुडते आणि औषधं, सोबती, प्रवास यांचा खर्च किती वाढतो ते बघा. रुग्णालयातल्या डॉक्टरांना हे एकट्यानं सांगता येणार नाही. त्यांच्याशेजारी समाजकार्यकर्ता आणि व्यवसायोपचार तज्ज्ञ बसवा.

तिसरी, पैशाच्या मदतीला कडेलोट नको, उतार हवा. ३९ला शून्य आणि ४०ला २,५०० यापेक्षा टप्प्याटप्प्यानं मदत देणं कुठल्याही सॉफ्टवेअरला जमेल.

चौथी, एकदा दिलेलं प्रमाणपत्र माना. पुन्हा तपासायचं असेल तर कारण लिहा आणि त्या दिवसाची मजुरी व प्रवासखर्च द्या. जे अपंगत्व कधीच बदलणार नाही, त्यासाठी कुणालाही दुसऱ्यांदा बोलावू नका.

पाचवी, कलम ५९मध्ये अपिलाचा हक्क आहे. तो प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला मराठीत छापा. कुठं, कुणाकडे, किती दिवसांत, ते लिहा. हक्क असणं आणि तो माहीत असणं यात पुष्कळ अंतर आहे.

महाराष्ट्रानं ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. ‘अपंग’ म्हणायचं नाही, ‘दिव्यांग’ म्हणायचं हेही आपण शिकलो. २०११च्या जनगणनेत राज्यात दिव्यांगांची संख्या जवळपास ३० लाख होती, तीही जुन्या, छोट्या यादीनुसार मोजलेली. एवढ्या लोकांना नवा शब्द मिळाला. आता त्यांच्या प्रमाणपत्रावरच्या आकड्याची फोड मिळायला हवी.

तुम्ही विशीत असाल तर हा विषय दुसऱ्यांचा वाटेल. बाइकचा एक अपघात, आईला आलेला पक्षाघाताचा झटका, भावाचं अचानक गप्प होत जाणं, यातलं काहीही पुरतं. तेव्हा अर्ज बहुधा तुम्हीच भराल, कारण घरात फोनवर फॉर्म भरता येणारे तुम्हीच असता. त्या दिवशी हाती पडलेला आकडा मुकाट्यानं स्वीकारू नका. तो कसा काढला हे लेखी विचारा, त्याची प्रत मागा, पटलं नाही तर अपील करा. आणि त्या रांगेत तुमच्या मागे जो उभा असेल, त्यालाही हे सांगा.